पाणी आपलं, पाखरू सरकारचं

काकांच्या आवारात गुपचूप चालायला मनाई होती.

खोली बघायला गेले त्या दिवशी वायफाय, हीटर, पार्किंग यांतलं काही बोलायच्या आधी त्यांनी गेटवरच माझ्या हातात एक नारिंगी जॅकेट ठेवलं. रस्त्याची कामं करणारी माणसं घालतात तसलं. म्हणाले, "घराबाहेर पाऊल टाकलंस की हे अंगावर पाहिजे. आणि कुठलाही कोपरा वळण्याआधी ओरडायचं."

"काय ओरडायचं?"

"काहीही. रामरक्षा म्हण, शिव्या दे. इथं माणूस आहे एवढं कळलं पाहिजे."

मी हसले. ते हसले नाहीत.

मला ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या मेल्टनमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली होती. नवऱ्याचा व्हिसा अडकला होता, तो पुण्यात. मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की मेल्टनच्या पुढे एका जुन्या मराठी गृहस्थांच्या जागेत, मागच्या बाजूला पत्र्याची एक सुटी युनिट रिकामी आहे. नकाशावर जवळ वाटली. प्रत्यक्षात चहूकडे कमरेएवढं पिवळं गवत, मधे इकडे शेततळ्याला 'डॅम' म्हणतात तसा एक डॅम, आणि सत्तरी ओलांडलेला एक माणूस, जो स्वतःच्याच अंगणात "मी आहे! मी येतोय!" असं ओरडत फिरायचा.

ओरडून झालं की ते उत्तराची वाट बघायचे. उत्तर आलं नाही तर जागचे हलायचे नाहीत. परत ओरडायचे, आवाज चढवून. एकदा मी कानात इअरफोन घालून कपडे वाळत घालत होते. वळून बघते तर काका पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याला टेकून उभे, तोंड पांढरंफटक, दोन्ही हात वर. मला बघून असे चिडले, की मला वाटलं आता मारतात.

"ऐकू येत नाही? बहिरी आहेस? ओ द्यायला काय होतं तुला?"

मी खोलीत जाऊन रडले. संध्याकाळी दारात त्यांच्या मळ्यातले टोमॅटो ठेवलेले होते, आणि त्यांच्यावर घडी घालून माझा तपकिरी कुर्ता. नंतर मला म्हणाले, "हा दोरीवर घालू नकोस. गवताच्या रंगाचा आहे."

मी आईला फोनवर हे सांगितलं नाही. तिने त्याच रात्री मला पुण्याला परत बोलावलं असतं.

काका मिरजेकडचे. कितीतरी वर्षांपूर्वी मेलबर्नच्या पश्चिमेला एका कारखान्यात बॉयलरवर इंजिनियर म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ते निघाले त्या वर्षाला थांबलेलं. कारला मोटार म्हणायचे, थिएटरला टॉकीज. मधेच 'मेट' आणि 'नो वरीज' यायचं, तेही मिरजेच्या हेलात. गावाकडे वडिलांची जमीन होती तेवढीच इकडे घ्यायची म्हणून त्यांनी ही जमीन घेतलेली. काकू मी जायच्या दोन वर्षं आधी गेल्या. मूलबाळ नव्हतं.

आणि कायदा. काकांना एकच कायदा येत होता, पण तो सबंध येत होता. आलेल्या प्रत्येक माणसाला, मग तो टाकी साफ करणारा असो की मीटर बघणारा, ते एक प्रश्न विचारायचे.

"तुझी जमीन. तुझा डॅम. त्यावर रानबदक येऊन बसलं. कुणाचं?"

माणूस म्हणायचा, "माझं."

"चूक!" काका टेबलावर हात आपटायचे. "जमीन तुझी, पाणी तुझं. पाखरू सरकारचं. त्याला मारायचं तर शिकारीचा सीझन लागतो. लायसन्स लागतं. कुठलं मारायचं आणि कुठलं नाही, याची परीक्षा पास व्हावी लागते. तुझं पीक खातंय म्हणालास तर त्याचा निराळा परवाना. तुझ्या अंगणात आलं म्हणून ते तुझं होत नाही. समजलं?"

गणपतीला मी माझ्या तीन मैत्रिणींना जेवायला बोलावलं. एकीचा नवरा बरोबर आला होता, आयटीतला, बोलका. काकांनी त्यालाही प्रश्न टाकला. तो म्हणाला, "काका, आपल्या रानात आलं ते आपलं. सिंपल!"

काकांनी अर्धा खाल्लेला मोदक ताटात ठेवला. कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठून बाहेर गेले, आणि अंधारात लांबून "मी आहे! मी आहे!" ऐकू येत राहिलं. उत्तर द्यायला तिकडे कुणीच नव्हतं.

"तू इथे राहतेस कशी?" मैत्रीण गाडीत बसताना म्हणाली. "डेंजर आहेत गं. घरात गन आहे ना त्यांच्या? मी बघितलं ते लोखंडी कपाट."

कपाट मीही बघितलं होतं. कपडे धुवायच्या खोलीत भिंतीला बोल्ट मारून बसवलेलं, उभं, अरुंद, हिरवं. इकडे बंदुका ठेवायला असलंच कपाट लागतं हे मला लॅबमधल्या एकीने सांगितलं होतं. वॉशिंग मशीन लावायला मी त्या खोलीत जायचे तेव्हा त्याच्याकडे पाठ करायची नाही असं ठरवलं होतं. त्या रात्री मी खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावली. पुढे कित्येक रात्री लावत होते.

मग एकदा माझी तूरडाळ उंदरांनी फोडली. काका किल्ली घेऊन आले आणि माझ्यादेखत ते कपाट उघडलं. आत बासमतीची पोती, पापड, लोणच्याच्या बरण्या, गोडा मसाला. "उंदीर शिरत नाही यात," म्हणाले. "खालचा कप्पा तुझा."

बंदूक नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. पण मग हा माणूस एवढा घाबरतो कुणाला, हा प्रश्न जास्तच छळायला लागला. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काकूंचे फोटो होते. समुद्रावर, कुणाच्या लग्नात, टोमॅटोच्या वाफ्यात. एके दिवशी धूळ पुसताना माझ्या लक्षात आलं, एकाही फोटोत काकू समोर बघत नव्हत्या. सगळे फोटो एकाच बाजूने काढलेले. मी फडकं ठेवलं आणि बाहेर आले.

खरी भीती सुरू झाली ती मार्चमध्ये, बदकांचा सीझन उघडला तेव्हा.

कुंपणापलीकडची जमीन एका गोऱ्या शेजाऱ्याची होती. पन्नाशीचा, दाढीवाला, आडवा माणूस. बरोबर काळा कुत्रा. एरवी बरा होता, माझी गाडी चिखलात रुतली तेव्हा त्यानेच ओढून काढली होती. पण त्याच्या डॅमला पाणी टिकायचं नाही आणि काकांचा डॅम उन्हाळ्यातही भरलेला, म्हणून सगळी बदकं आमच्याकडे. तो आपल्या हद्दीत उभा राहायचा आणि बदकं उठून त्याच्या डोक्यावरून गेली की बार काढायचा. लायसन्स होतं, सीझन होता, जमीन त्याची होती. कायद्याने काही म्हणता यायचं नाही.

पहिल्या वर्षी पहिला बार ऐकला तेव्हा मी चहा गाळत होते. पाठोपाठ माझ्या पत्र्यावर तडतड झालं, मूठभर मोहरी फेकल्यासारखं. वरून परत येणारे छर्रे. इतक्या लांबून ते लागत नाहीत म्हणतात. मी बाथरूममध्ये जाऊन खाली बसले, टबच्या आड, आणि सगळं थांबेपर्यंत उठले नाही. बाहेर आले तर डॅमच्या काठावर घडीच्या खुर्चीत काका बसलेले. नारिंगी जॅकेट, नारिंगी टोपी, शेजारी थर्मास. तोंड शेजाऱ्याच्या कुंपणाकडे. सीझन संपेपर्यंत रोज सकाळी ते तिथे बसले.

"तुम्ही घरात का नाही बसत?" मी विचारलं.

"कुणीतरी दिसलं पाहिजे," म्हणाले.

दुसऱ्या वर्षी बदकं उन्हाळाभर उतरत होती, म्हणून शेजारी खुशीत होता. सीझन उघडायच्या आदल्या दिवशी कुंपणाशी गाडी उभी करून त्याने काकांना हाक मारली. मी जवळच होते. म्हणाला, "मेट, माझं पाखरू तुझ्या हद्दीत पडलं तर मला आत येऊन घेऊन जाऊ दे. पडलेलं पाखरू तसंच सोडायचं नाही असा नियम आहे, तुला माहीतच आहे."

"आणि परवानगीशिवाय माझ्या हद्दीत यायचं नाही असाही आहे," काका म्हणाले.

"म्हणून तर परवानगी मागतोय."

"बंदूक घेऊन नाही."

"अरे, जखमी असलं तर?"

काका वळून घराकडे निघून गेले. शेजाऱ्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले. "ही इज अ हार्ड मॅन, युअर अंकल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत होते. बार सुरू झाले होते. मग ते थांबले आणि दोन माणसांचं भांडण ऐकू यायला लागलं. शेजाऱ्याचा आवाज मोठा, काकांचा त्याहून मोठा. कुत्रा भुंकत होता. मला एकदम दिसलं की आता काहीतरी होणार. मी तशीच धावले. अंगात कामावरचं राखाडी-तपकिरी जॅकेट, नारिंगी खुंटीला राहिलं. आणि मी ओरडलेही नाही. ओरडले नाही याचं कारण भीतीच: माझ्या ओरडण्याने दचकून कुणाच्या हातून बार सुटला तर?

डॅमला घरच्या बाजूने मातीचा बांध आहे. मी बांधाच्या टोकाशी, लव्हाळ्यांच्या मागे वाकून पोचले. पलीकडे कुंपणाशी शेजारी उभा, बंदूक हातात. काका अलीकडे, पाण्याच्या कडेला. मधे पाण्यावर एक बदक, एक पंख मोडलेला. ते गोल गोल फिरत होतं आणि फिरत फिरत माझ्याकडे येत होतं.

"त्याचे हाल होतायत!" शेजारी ओरडत होता. "मला येऊ दे, नाहीतर मी इथूनच संपवतो!"

"माझ्या जमिनीवर गोळी घालायची नाही!"

"फॉर गॉड्स सेक, मेट, बघ त्याच्याकडे!"

बदक लव्हाळ्यात शिरायला लागलं. एकदा आत गेलं की सापडणार नाही, हे शेजाऱ्यालाही कळलं असावं. त्याने बंदूक खांद्याला लावली. नळी बदकाबरोबर सरकत गेली, सरकत गेली, आणि मला तिची दोन तोंडं समोरून दिसली. मला पळता येईना. तोंडातून आवाज निघेना.

काकांनी मला बघितलं.

"माणूस आहे!" ते किंचाळले. "माणूस आहे! माणूस आहे!"

मराठीत. त्या क्षणी त्यांना इंग्रजीतला एक शब्द सुचला नाही. आणि शेजाऱ्याला मराठी कुठून कळणार? तो मान तिरकी करून नेम धरूनच होता. काका पाण्यात उतरले. उतरले म्हणजे पडतच गेले, आणि चिखलातून पाय उपसत, दोन्ही हात डोक्यावर धरून, बंदूक आणि माझ्यामधे येऊन उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत. तोंडाने तेच चाललेलं, माणूस आहे, माणूस आहे.

शेजाऱ्याने नळी खाली केली. आधी शिवी घातली, मग काका बोट कुठे दाखवतायत ते बघितलं. मग मी दिसले त्याला.

त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मी इतक्या लांबून बघितला. त्याने बंदूक मधून वाकवून उघडली, काडतुसं काढून लांब फेकली, बंदूक गवतावर ठेवली आणि स्वतःही खाली बसला. "आय डिडन्ट सी हर," म्हणाला. काकांना नाही, मलाही नाही. परत परत तेवढंच.

काकांना पाण्यातून निघता येईना. पाय रुतले होते. मी बांधावरून हात दिला, पोचला नाही. तेव्हा शेजारी उठला आणि कुंपणाशी येऊन, एखाद्या शाळकरी पोरासारखा, म्हणाला, "येऊ का? रिकाम्या हाताने?"

काकांनी मान हलवली. हो.

तो बुटांसकट पाण्यात शिरला, काकांना काखेत धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं. मग परत जाऊन लव्हाळ्यातून ते बदक काढलं आणि पाठ करून त्याची मान पिरगाळली. आम्हाला दिसू नये म्हणून पाठ केली असावी. ते घेऊन काकांसमोर आला. "तुझ्या पाण्यात होतं," म्हणाला. "तुला हवं तर."

काकांचे दात वाजत होते. तरी म्हणाले, "मला लायसन्स नाही. घेऊन जा."

शेजाऱ्याने शिकार सोडली नाही, पण त्या कुंपणावर बंदूक घेऊन तो परत कधी उभा राहिला नाही. पलीकडच्या उतारावर जायचा आणि जायच्या आधी काकांना फोन करायचा. काही महिन्यांनी नवऱ्याचा व्हिसा आला, आम्ही मेलबर्नच्याच ट्रुगानिना भागात घर घेतलं. काका यायचे अधूनमधून. बेल असूनही ड्राइव्हवेतूनच ओरडायचे, आणि पुढे झालेली माझी मुलगी आतून, "वी आर हिअर, काका!" म्हणून ओरडायची. तिला तो खेळच वाटायचा. गेल्या हिवाळ्यात काका झोपेत गेले. त्याआधीच्या सीझनलाही डॅमवर खुर्ची टाकून बसले होते.

काका पाण्यात उतरले त्या सकाळी, शेजारी गेल्यावर, मी त्यांना घरात आणलं, कोरडे कपडे दिले, चहा ठेवला. कामावर फोन करून सांगितलं की येत नाही. मला वाटलं आता बोलणी खायची वेळ आली. जॅकेट कुठे होतं, ओरडली का नाहीस. पण ते कप दोन्ही हातांत धरून बसून राहिले. मग माझ्याकडे न बघता सांगायला लागले.

"ही जमीन घेतली तेव्हा माझ्याकडे बंदूक होती. बंदुकीचं लायसन्स होतं. पाखराचं नव्हतं. वडील म्हणायचे, आपल्या रानात आलं ते आपलं. कापणी झाली की इथं लावे यायचे, मिरजेकडे यायचे तसेच. मला वाटलं, माझं रान, माझे लावे. सीझनबिझन कोण विचारतो?"

लावा उठतो तो एकदम पायाजवळून, आणि वर जात नाही. गवताला घासून सरळ जातो. काकांनी नळी त्याच्यामागून फिरवली. पलीकडे काकू खाली बसून घोळीची भाजी खुडत होत्या. अंगात तपकिरी स्वेटर.

"एक डोळा गेला. हॉस्पिटलात पोलीस आला. ती म्हणाली, माझीच चूक, मी तिकडे आहे हे यांना सांगितलं नव्हतं, आवाज दिला नव्हता. त्यानं लिहून घेतलं, अपघात. झालं. मला कुणी काही करणार नव्हतं." काका चहाकडे बघत होते. "मग मीच सांगितलं त्याला लाव्याचं. सीझन नाही, लायसन्स नाही, तरी मारलं म्हणून. तो बघतच राहिला. पण कशाची तरी शिक्षा व्हायला पाहिजे होती ना? कोर्टात उभा राहिलो. दंड झाला. लाव्याचा. तिच्या डोळ्याबद्दल कोर्टात एक शब्द निघाला नाही."

मी म्हणाले, "काकू काही बोलल्या नाहीत? तुम्हाला? रागानं, कधीतरी?"

"कधीच नाही. त्या दिवशी माझ्याशी एवढंच बोलली." बाहेर बदकं परत पाण्यावर उतरत होती, त्यांचा कलकलाट आत येत होता. "मी ओरडत पोचलो तेव्हा गवतात गुडघ्यांवर बसली होती. हात डोळ्यावर. बोटांतून रक्त. मला म्हणाली, लागलं का?"

"लागलं का?"

"तेवढंच. पाखराला लागलं का विचारत होती, का माझ्या ओरडण्यावरून तिला वाटलं मलाच काही लागलं, काय माहीत. जन्मभर एका घरात राहिलो नंतर. विचारायचा धीर झाला नाही."

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो." काकांनी उजवा हात उघडला आणि त्याच्याकडे बघितलं. "आधी पाखरू उचलायला गेलो होतो मी. तिच्याकडे मग. नाही म्हणालो तेव्हा ते हातात होतं. गरम होतं अजून."